डोंगरावरचं डोहाळजेवण

श्रीरंगला कुणाला काही विचारायचं म्हटलं की घाम फुटतो. पत्ता विचारणं, भाव विचारणं, 'हे झाकण कसं उघडतं हो' म्हणून विचारणं, सगळ्याचीच त्याला लाज वाटते. पुण्यात हे खपून गेलं, कारण तिथे न विचारताच लोक सांगतात. स्टुटगार्टात मात्र कुणी आपणहून काही सांगत नाही. त्यामुळे इथे येऊन दोन वर्षं झाली तरी वॉशिंग मशीनवरच्या निम्म्या खुणांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता आणि घरातले यच्चयावत कपडे एकाच खुणेवर धुतले जात होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे रामायण झालं त्यात दुसऱ्या कुणाचा काडीचाही दोष नव्हता.

बायकोला, म्हणजे ईप्सिताला, सातवा महिना लागला आणि नाशिकहून सासू-सासरे आले. नुसते भेटायला आले असते तर प्रश्न नव्हता. ते तिला न्यायला आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, डॉक्टर वसुधाताईंच्या हातून, हे त्यांच्या घरात लग्नाच्या आधीच ठरलेलं होतं. परतीची तीन तिकिटं सासऱ्यांच्या बॅगेत होती. आणखी उशीर केला तर विमानात घेणार नाहीत, म्हणून मंगळवारचं विमान.

श्रीरंगला मात्र बाळ जन्मेल तेव्हा तिथे हजर राहायचं होतं. त्याला ते पहिल्यांदा रडताना ऐकायचं होतं, फोनवरून नाही, प्रत्यक्ष. हे त्याने फक्त ईप्सिताला सांगितलं होतं. तिलाही इथेच राहायचं होतं, पण बाबांपुढे बोलायची तिची हिंमत नव्हती. मग बोलायचं श्रीरंगने. एका रात्री वरणभात कालवता कालवता तो कसाबसा बोलला.

सासरे पद्माकरराव जेवता जेवता थांबले. त्यांचा सगळा जन्म वनखात्यात, लाकडाच्या डेपोवर गेलेला. समोर ओंडका असो की माणूस, ते आधी बघतात, मग ठोकून बघतात, मगच बोलतात.

"जावईबापू, आमचा हट्ट नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी तुमचं हे गाव आम्हाला नीट दाखवा. मुलीला ठेवण्यासारखं वाटलं, तर ठेवू. नाही तर मंगळवार आहेच."

आता गाव दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? श्रीरंगचं गाव म्हणजे घर, ऑफिस आणि इंडियन स्टोअर. तो जयंतकडे गेला. जयंत म्हणजे इथल्या मराठी मंडळींचा स्वयंघोषित सल्लागार. त्याला न विचारता सांगायची सवय आणि श्रीरंगला न विचारता ऐकायची, म्हणून दोघांचं जमतं.

"सीलबान!" जयंतने मांडीवर थाप मारली. "अरे, दोरीने ओढलेली गाडी, सरळ डोंगर चढते. एकोणीसशे एकोणतीसची. आणि डबा कसला आहे माहितीये? सागवानी! तुझा सासरा वनखात्यातला ना? बस, काम फत्ते. आल्झो, तर मग, चहा घेणार?"

'वर काय आहे?' एवढाच प्रश्न विचारायचा होता. शाळेतलं पोरसुद्धा विचारेल. श्रीरंगने नाही विचारला. त्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. डोंगरावर जायला कुणी खास गाडी बांधली, म्हणजे वर एक तर देऊळ असणार, नाही तर पॉइंट. आपल्याकडचा कुठलाही डोंगर घ्या. देऊळ असेल तर दर्शन घ्यायचं, पॉइंट असेल तर खालचं गाव बघत मक्याचं कणीस खायचं. जयंत स्वतः फक्त खालच्या स्टेशनापर्यंत गेला होता आणि डब्याशेजारी फोटो काढून परत आला होता, हे नंतर कळलं. त्याच्या पार्किंगची वेळ संपत आली होती म्हणे.

घरी ही बातमी कळताच सासूबाईंच्या, म्हणजे मालिनीबाईंच्या, अंगात उत्साह संचारला. "अहो, मग डोहाळजेवण तिथेच करू या! नावेतलं करतात, बागेतलं करतात, आमच्या जाऊबाईंनी सुनेचं पुठ्ठ्याच्या चंद्रावर केलं आणि वर्षभर आम्हाला ऐकवलं. दोरीच्या गाडीतलं अख्ख्या नाशकात कुणाचं झालेलं नाही."

झालं. पुढचे दिवस घरात नुसती धांदल. श्रीरंगने ऑफिसात रजा मागितली. या देशात रजा जानेवारीत ठरवतात, आणि हा नोव्हेंबर. साहेबाने कारण विचारलं. बायको गरोदर आहे म्हणून तिला फुलांनी सजवून, डोंगरावर नेऊन जेवायला घालायचं आहे, असं श्रीरंगने सांगितलं. साहेबाने ताबडतोब सही केली.

फुलांचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. नोव्हेंबर लागला की तिथली फुलांची दुकानं शेवंतीने नुसती ओसंडून जातात. पिवळी, पांढरी, जांभळट. "बाई गं, काय शेवंती आहे!" मालिनीबाई हरखून गेल्या. त्यांनी एवढी शेवंती उचलली की फुलवाल्या बाईने दोन्ही हातांनी श्रीरंगचा हात धरला आणि ती अगदी हळू आवाजात काहीतरी सांत्वनाचं बोलली. श्रीरंगला वाटलं, इथली माणसं किती प्रेमळ! त्या देशात नोव्हेंबरमधली शेवंती कुठे नेऊन ठेवतात, हेही त्याने विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी वरात निघाली. ईप्सिताच्या अंगावर हिरवा शालू, त्यावर बटणं न लागणारं जॅकेट, डोक्यापासून मनगटापर्यंत शेवंतीची वाडी आणि हातात शेवंतीचाच धनुष्यबाण. मागे मालिनीबाई चित्रान्नाचा आणि पुऱ्यांचा डबा घेऊन. त्यांच्या मागे कोट-मफलरातले पद्माकरराव आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा, छत्री, सतरंजी आणि पाण्याच्या बाटल्या लटकवलेला श्रीरंग. यू-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. धनुष्यबाण घेतलेली गरोदर बाई रोज बघतो, असा चेहरा करायला जर्मन माणूसच हवा.

"अहो," ईप्सिता दबक्या आवाजात म्हणाली. आईवडिलांसमोर ती श्रीरंगला अहो म्हणते. "वर नक्की काय आहे?"

"सरप्राईज आहे," श्रीरंग म्हणाला. ते खरंच होतं.

खालच्या स्टेशनात सागवानी डबा उभा होता. पद्माकरराव आत शिरले, त्यांनी बोटाच्या पेराने दारावर ठोकलं, कान लावला, वास घेतला. "ब्रह्मदेशचा माल," ते म्हणाले. "आता बघायलाही मिळणार नाही. वा!" त्या एका 'वा'ने श्रीरंगची छाती फुगली. त्याने मनातल्या मनात बाळाला मांडीवरसुद्धा घेतलं.

गाडीत गर्दी नव्हती. काही म्हाताऱ्या बायका होत्या, काळे कोट घातलेल्या. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या पिशवीत लाल काचेच्या पणत्या. मालिनीबाईंनी श्रीरंगला कोपराने ढोसलं. "देवीचं ठाणं दिसतंय. लाल दिवे बघा की. आणि माणसं किती साधी! दर्शनाला जाताना असंच जावं. नाही तर आपल्याकडे, नुसता भपका."

गाडी सुटली. खालचं गाव दिसेल म्हणून श्रीरंग कॅमेरा घेऊन खिडकीशी उभा राहिला. झाडं दिसली. मग आणखी झाडं दिसली. धुकं होतं, ते झाडांत अडकलेलं होतं. आता दिसेल, आता दिसेल, असं म्हणेपर्यंत गाडी वर पोचून थांबलीसुद्धा. ज्या गावाच्या भरवशावर मुलगी इथे ठेवायची, त्या गावाचं एक कौलसुद्धा सासऱ्यांना दिसलं नव्हतं.

"दर्शनानंतर दिसेल गाव," श्रीरंग घाईघाईने म्हणाला आणि काळ्या कोटांच्या मागे चालू लागला. मोठं फाटक, स्वच्छ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि त्यांच्या बुंध्यांशी दाट धुकं. पुढे एक दगडी इमारत. दारात काळ्या सुटातला एक माणूस उभा होता. त्याने ईप्सिताचं पोट, शेवंती, धनुष्यबाण असं क्रमाने पाहिलं, अदबीने मान लववली आणि त्या चौघांना थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

"बघितलंत?" श्रीरंग सासऱ्यांच्या कानात म्हणाला. "गरोदर बाईला इथे केवढा मान आहे!"

आत गारवा होता. कुठूनतरी बाजाच्या पेटीसारखे सूर येत होते. समोर फुलंच फुलं, बरीचशी शेवंतीची. मध्ये एक लांबलचक पेटी, आणि शेजारी मेणबत्तीजवळ एका हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो.

"मूर्ती कुठे आहे?" मालिनीबाईंनी हात जोडलेलेच ठेवून विचारलं.

"त्या पेटीत असेल," श्रीरंग म्हणाला. "मुहूर्तावर उघडत असतील."

"ओक आहे," पद्माकरराव पेटीकडे डोळे बारीक करून म्हणाले. "सांधे सुरेख जुळवलेत. आणि हे फोटोतले गृहस्थ?"

"संस्थापक असतील."

पद्माकररावांनी पेटीची लांबी बघितली, रुंदी बघितली. आयुष्यभर लाकडाची मापं घेतलेला माणूस तो. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "जावईबापू," ते अगदी शांतपणे म्हणाले, "हे संस्थापक नाहीत."

श्रीरंगने मागे वळून पाहिलं. खिडकीबाहेर धुकं विरलं होतं आणि झाडांच्या खाली, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत थडगी होती. सात महिन्यांच्या गरोदर बायकोला हिरवा शालू नेसवून, फुलांनी मढवून त्याने स्मशानात आणली होती. नुसती स्मशानात नाही, प्रेताच्या समोर पहिल्या रांगेत. ईप्सिताने पदर तोंडात कोंबला होता. ती हसते आहे की रडते आहे, ते त्याला कळेना आणि विचारायचं धाडस होईना. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला मनापासून वाटलं, आणि तशी सोयही तिथे उत्तम होती.

"उठा!" मालिनीबाई फुसफुसल्या. "ईप्सू, ऊठ आधी! अगं माझ्या देवा! अहो, पोरीला बाहेर काढा."

"बस खाली," पद्माकरराव म्हणाले. "कुणाचं का असेना. आलो आहोत, आता माणूस उचलून नेईपर्यंत उठायचं नाही." आणि मग आणखी हळू आवाजात, "मागे बघ जरा."

मागे कुणीच नव्हतं. सगळं दालन रिकामं. गाडीतल्या बायका आपापल्या थडग्यांकडे निघून गेल्या होत्या. पलीकडच्या रांगेत एक ठेंगणी म्हातारी एकटी बसली होती आणि तिच्या मागे तिच्या शेजारचं असावं असं एक जोडपं. बस. ओकच्या पेटीतल्या माणसाला पोचवायला तीन माणसं आली होती. ही चौघं धरून सात.

मग ते बसले. पाद्री बोलला, सूर वाजले. खांदा द्यायला चार माणसं आली, एकसारखे कोट घातलेली, पगारी. पेटीमागून म्हातारी, तिच्यामागून शेजारी आणि त्यांच्यामागून डोहाळजेवण, असे सगळे झाडांमधून चालत गेले. खड्ड्याशी एकेकाने फुलं टाकली. पद्माकररावांनी टोपी काढून मूठभर माती टाकली. मालिनीबाईंनी तोंडाने रामरक्षा म्हणत शेवंती टाकली. ईप्सिताकडे सुटी फुलं नव्हती. तिने क्षणभर विचार केला आणि फुलांचा बाण हळूच खाली सोडला.

म्हातारी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. फ्राऊ हेफेले तिचं नाव. डोळे लाल, पण पाठ ताठ. तुम्ही माझ्या कार्लला कुठून ओळखता, असं तिने विचारलं. श्रीरंगने ते भाषांतर करून सासऱ्यांना सांगितलं आणि तो मान खाली घालून उभा राहिला. त्याच्याच्याने खरं सांगवेना, खोटं सुचेना.

"सांगा त्यांना," पद्माकरराव म्हणाले, "ओळख जरा उशिरा झाली."

श्रीरंगने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तेच सांगितलं. फ्राऊ हेफेलेने मान डोलावली. "गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "कार्लचं तसंच होतं. त्याची ओळख व्हायला वेळच लागायचा." आणि तिने श्रीरंगचा दंड घट्ट धरला. सोडेचना. फाटकाबाहेरच्या खाणावळीत कॉफी आहे, चलायलाच हवं, आठ जणांचं टेबल मांडून ठेवलंय आणि ते भरणार कसं, याच काळजीत मी इतका वेळ होते, असं ती म्हणाली.

आता मात्र मालिनीबाईंनी रस्त्यातच ठिय्या दिला. "मेल्या घरचं अन्न? माझ्या लेकीला? डोहाळजेवणाच्या दिवशी? श्रीरंगराव, तुम्ही इतके दिवस आम्हाला हुशार वाटत होतात!" गेले दोन तास श्रीरंग स्वतःलाच अडाणी म्हणत होता. पण म्हातारीच्या हातात त्याचा दंड होता आणि सासरे आधीच चालायला लागले होते.

खाणावळीत टेबलावर वेणीसारखा वळलेला गोड पाव होता, चीज होतं, आणि काचेच्या वाडग्यात सिरक्यातल्या आंबट काकड्या. मालिनीबाईंनी खुर्ची टेबलापासून हातभर लांब ओढली आणि त्या पाठ फिरवून बसल्या. इतक्यात करकर आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. ईप्सिता काकडी खात होती. मग दुसरी. मग पावाचा तुकडा आणि त्यावर तिसरी. जिच्या पोटात गेले कितीतरी महिने धड काही टिकलं नव्हतं, वसुधाताईंनी फोनवरून सांगितलेले लाडू जिने कुंडीत पुरले होते, ती मुलगी डोळे मिटून खात होती.

मालिनीबाईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. एकीकडे मयताच्या घरचं अन्न, ज्याला शिवायचं नाही. दुसरीकडे गरोदर बाईचे डोहाळे, जे मोडायचे नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांना त्यांच्या सासूने शिकवलेल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं.

"खा गं," त्या शेवटी म्हणाल्या. "अजून घे." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आपला डबा उघडला आणि सगळ्यांच्या पानात चित्रान्न आणि पुऱ्या वाढल्या. "नुसतं दुसऱ्याचं कसं खायचं?" शेजारच्या जोडप्याने दोनदा वाढून घेतलं.

निघताना फ्राऊ हेफेले आत गेली आणि काकड्यांची अख्खी बरणी घेऊन आली. ईप्सिताने दोन्ही हात धनुष्यात अडकलेले म्हणून पदर पुढे केला. म्हातारीने बरणी पदरात ठेवली आणि तिच्या पोटावरून हात फिरवला. नवऱ्याला नुकती माती देऊन आलेली बाई, आणि तिने ओटी भरली. श्रीरंगने डोळे मिटून घेतले. आता सासूबाई काय म्हणतात, ते त्याला बघवणार नव्हतं.

"ईप्सू," मालिनीबाई म्हणाल्या, "वाकू नकोस फार. पण नमस्कार कर. मोठ्या आहेत."

खाली येताना गाडीत पद्माकररावांनी सागवानाकडे बघितलंसुद्धा नाही. ईप्सिता मांडीवर बरणी धरून श्रीरंगच्या खांद्यावर झोपली होती, आणि मंगळवारनंतर हा खांदा मोकळाच राहणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. परक्या देशात माणसाला पोचवायला तीनच माणसं येतात, हेच त्याने सासऱ्यांना वर नेऊन दाखवलं होतं. गावाचं दुसरं काहीही दाखवलं नव्हतं.

घरी पोचल्यावर मालिनीबाईंनी सगळ्यांना दारातच थांबवलं. कशाला शिवायचं नाही, आधी डोक्यावरून आंघोळ. पहिली ईप्सिता, मग त्या स्वतः, मग पद्माकरराव. श्रीरंग सतरंजी पांघरून जिन्यात उभा राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बघून गेल्या. शेवटी त्याचा नंबर लागला, तेव्हा बॉयलरमधलं गरम पाणी संपलेलं होतं. त्याने नळ सोडला आणि 'अयाई गं' म्हणून भिंतीला टेकला.

दारावर ठोकल्याचा आवाज आला. आधी एकदा, मग कान लावून, पुन्हा एकदा.

"जावईबापू, ऐकू येतंय ना?" पद्माकररावांचा आवाज. "आज मी बघितलं. इथे सगळं चोख आहे. रस्ते चोख, झाडं चोख, पेटीसुद्धा चोख. पण माणसं फार कमी पडतात हो."

"हो," श्रीरंग म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मंगळवारी मी तुम्हाला सोडायला येतो विमानतळावर. तिची बॅग मीच भरतो."

"बॅग कसली भरताय? तिला कुठे हलवायचं नाही. आज पहिल्यांदा पोरगी पोटभर जेवली. आणि जाणाऱ्याला माणसं कमी पडली, ती पडली. येणाऱ्याला पडता कामा नयेत. तुम्ही तर हवेतच. आणि आम्हीही राहतो."

श्रीरंग थंड पाण्याखाली तसाच उभा राहिला. बाळाचं ते पहिलं रडणं आता त्याचं होतं, एवढं त्याला कळलं आणि त्याला हुंदका आला. मग त्याला दोन खोल्यांचं घर आठवलं.

"किती दिवस, बाबा?" त्याने विचारलं. जन्मात पहिल्यांदाच त्याने वेळेवर प्रश्न विचारला असेल.

"बाळ बसायला लागेपर्यंत. व्हिसा वाढवायचं तेवढं तुम्ही बघा. त्या ऑफिसात सोमवारीच जा." पावलं दूर गेली, थांबली आणि परत आली. "आणि जायच्या आधी, ते ऑफिसच आहे ना, एवढं कुणाला तरी विचारून घ्या."